आधीचे हात

थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता. झाकणाचे बोल्ट काढले, आत टॉर्च मारला, तर नुसती पोकळी आणि तिच्या कडेनं लाल सिलिकॉनचा जाड थर. त्या थरावर बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. म्हणजे तो पार्ट झिजून गेलेला नव्हता. कोणीतरी विचार करून तो काढला होता, सिलिकॉन फासून झाकण परत बसवलं होतं आणि गाडी मालकाच्या हवाली केली होती. कधी केलं, कशासाठी केलं, हे सांगायला कोणी नाही. माझ्या अंगणात यायच्या आधी ही गाडी तीन दारांत उभी राहून आलेली आहे.

घरी स्वतः इंजिन उघडणाऱ्याला सगळ्यात जास्त वैताग येतो तो याचा. ऊन सोसता येतं, काळे हात धुता येतात, जाम झालेला बोल्टही कधी ना कधी सुटतो. पण समोर दिसतं ते बिघाड आहे की कोणाचा तरी इलाज, हेच ठरवता येत नसेल, तर हातातल्या पान्याचं काय करायचं हे सुचत नाही. पुस्तकात एक इंजिन असतं आणि बॉनेटखाली दुसरंच निघतं.

माझी गाडी एमएच-२९ पासिंगची, कार्बोरेटरची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चार गिअर. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून जास्त मारुती ८०० विकल्या गेल्या. आमच्या दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या भागात ही गाडी पहिल्यांदा आली ती डॉक्टरांच्या नाहीतर कापसाच्या व्यापाऱ्याच्या दारात. त्यांनी मोठी गाडी घेतली, तेव्हा ही मास्तरकडे गेली. मास्तरकडून शेतकऱ्याकडे, नाहीतर किराणा दुकानदाराकडे. मालक बदलला की मिस्त्रीही बदलतो. पहिल्या मालकाची गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जायची, दुसऱ्याची यवतमाळच्या एखाद्या गॅरेजात, तिसऱ्याची तालुक्याच्या स्टँडमागे लिंबाखाली. प्रत्येक ठिकाणी तिला कोणी ना कोणी चालती केली, म्हणून तर ती इथवर आली. त्या सगळ्यांनी काय काय केलं त्याचा एक कागदही मात्र गाडीसोबत येत नाही. आरसी बुक येतं, त्यात मालकांची नावं असतात.

इंजिनाची भीती मला लहानपणापासून नाही. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं. हँडल मारायचं, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर सोडायचा आणि पहिला ठोका ऐकू आला की पाटात पाणी येईपर्यंत वाट पाहायची. विजेचा पंप आला तसं ते इंजिन कोठ्यात गेलं, पण त्याआधी त्याचे व्हॉल्व्ह घासायला बाबांनी मला शिकवलं होतं. पेस्ट लावायची, काडीला चिकटवलेला व्हॉल्व्ह दोन तळहातांत धरून रवीसारखा फिरवायचा, आणि सीटवर राखाडी रंगाची अखंड कडी उमटली की थांबायचं. त्या इंजिनाला एकच सिलिंडर होता, सगळं उघड्यावर होतं. मुख्य म्हणजे ते नवं आणलं तेव्हापासून आमच्याशिवाय कोणाचा हात त्याला लागला नव्हता. त्याचा प्रत्येक नट बाबांच्या ओळखीचा होता. मारुती उघडायला घेतली तेव्हा हा फरक केवढा मोठा आहे, ते कळलं.

उघडावी लागली ती मे महिन्यात. आमच्याकडं मे म्हणजे पारा ४४-४५ अंशांवर. यवतमाळहून परत येताना काटा लालपर्यंत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. गाडी बंद करून, थंड होऊ देऊन, पाणी टाकत टाकत घरी आणली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला, तर पाण्यात बुडबुडे. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट लगदा. हेड गॅसकेट गेलं होतं. याला दुसरा अर्थ नव्हता.

या इंजिनाचा ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. रोजच्या तापमानात ही ओढाताण गॅसकेट सहन करतं, पण इंजिन मर्यादेबाहेर तापलं की हेड वाकतं, गॅसकेट दोन ठिकाणी दबतं, एका ठिकाणी सुटतं, आणि तिथून सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतो. म्हणून नुसतं गॅसकेट बदलून भागत नाही. इंजिन का तापलं, ते शोधावं लागतं. माझी खरी झटापट तिथून सुरू झाली.

अंगणात लिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत गाडी लावली. उन्हाळ्यात सावली हवीच, पण त्या दिवसांत लिंबोळ्या आणि वाळका पाला पडत राहतो. उघड्या सिलिंडरवर एक काडी पडली तरी चालत नाही. जुन्या नऊवारीची दुहेरी घडी करून इंजिनावर टाकायची, एका बाजूनं उचलून काम करायचं आणि वावटळ दिसली की सगळं सोडून आधी कपडा दाबायचा. गॅरेजात भिंत असते, पत्रा असतो, खाली कोबा असतो. अंगणातल्या मातीत पडलेलं वॉशर सापडत नाही. सुटे भाग धुवायला पूर्वी रेशनचं रॉकेल मिळायचं, आता डिझेल वापरावं लागतं, आणि त्याचा वास हाताला जेवणापर्यंत राहतो.

हे सगळं मान्य करून बसलं तरी आधीचे हात भेटायचे थांबत नाहीत. ते कसे ओळखायचे, याची एक खूण मला या कामात मिळाली. मारुतीचं इंजिन जपानी मापाचं. त्यात ८ मिलिमीटरच्या बोल्टाचं डोकं १२ च्या पान्याचं असतं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या त्याच जाडीच्या बोल्टाचं डोकं बहुधा १३ चं. आटे तेच, डोकं वेगळं. त्यामुळं इंजिनावर जिथं १३ चा पाना लागेल, तिथं कंपनीनंतर कोणीतरी हात घातला आहे, असं समजावं. मी खडू घेतला आणि १३ च्या प्रत्येक डोक्याला खूण केली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर खुणा, थर्मोस्टॅटच्या झाकणावर खुणा, टायमिंग बेल्टच्या कव्हरवर खुणा. गाडीचा इतिहास असा डोळ्यांसमोर आला.

यापेक्षा वाईट खूण म्हणजे अडीच सुती बोल्ट. आमच्याकडं वखर, डवरे, ट्रॉल्या यांच्यामुळं सुताच्या मापाचा माल प्रत्येक दुकानात असतो. अडीच सूत म्हणजे पाच भाग सोळा इंच, मिलिमीटरमध्ये ७.९४. डोळ्यांना तो ८ चाच वाटतो. पण त्याच्या आट्यांचं अंतर वेगळं. ८ च्या भोकात तो दोन आटे गुण्यागोविंदानं जातो, मग अडतो, आणि मिस्त्रीला घाई असेल तर पाना लावून तो पुढं रेटला जातो. लोखंडाचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं भोक. हार कोणाची होणार, ते ठरलेलं. मॅनिफोल्डच्या टोकाला असा एक बोल्ट निघाला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची चमकती साल भरलेली होती. त्या भोकाचे आटे त्या सालीतच निघून आले होते.

त्याच्या शेजारचा स्टड बाहेर आलाच नाही. एक्झॉस्टचा स्टड वर्षानुवर्षं तापतो आणि निवतो, पावसाळ्यात गंजतो, आणि ॲल्युमिनियममधला पोलादी स्टड नुसत्या गंजानं धरतो त्याहून घट्ट धरतो. दोन धातू एकमेकांना चिकटून असले आणि ओल मिळाली की मधल्या फटीत पांढरी पूड साचत जाते. रात्री गंजसोडव तेल टाकून ठेवायचं, सकाळी हलक्या हातानं पुढं-मागं करायचं, परत तेल, परत वाट. घाई केली तर स्टड मधेच तुटणार, हे माहीत असतं. माहीत असूनही तो तुटला, कारण त्याचं बाहेरचं टोक आधीच कोणीतरी चापट पाडून, पाइप पान्यानं चावून अर्धं केलेलं होतं. धरायला जागाच उरली नव्हती.

मग हेड तसंच उतरवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि एसटीनं यवतमाळला लेथवर नेलं. लेथवाल्या काकांनी ड्रिलला हात लावला नाही. त्यांनी तुटक्या स्टडवर एक नट ठेवला आणि नटाच्या आतून वेल्डिंगचा ठिपका देऊन दोन्ही जोडले. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्टड प्रसरण पावला, गंजाची पकड सुटली, आणि लाल नट थोडा काळवंडल्यावर त्यांनी पाना लावून तो सहज फिरवून बाहेर काढला. मी जवळून पाहत होतो. पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकात लिहिलं आहे, स्टड काढा. गेलेल्या आट्यांच्या भोकात त्यांनी मोठा टॅप मारून तारेची गुंडाळी बसवली, आणि भोक परत ८ चं झालं.

हेड सपाट आहे का, ते मी घरी काचेच्या जाड तुकड्यावर पाहिलं होतं आणि फिलर गेजनं मोजलं होतं. पुस्तक ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतं. इथं त्याहून जाड पाती मधल्या सिलिंडरजवळ आत जात होती. फेस मारावाच, म्हणजे पृष्ठभाग छिलून सपाट करावाच लागणार होता. काकांनी आधी उंची मोजली आणि गप्प झाले. उंची पुस्तकापेक्षा कमी भरत होती. म्हणजे हे हेड पूर्वीही फेस झालेलं होतं.

"एकदा फेस मारता येईल भाऊ," ते म्हणाले. "पुढच्या टायमाले हेडच बदलावं लागीन. पयले किती काढलं, हे कोणं लिहून ठेवलं असतं ना, तर मी आजच सांगितलं असतं, का नवीन पाह्य म्हणून."

घरी येऊन मी परत थर्मोस्टॅटच्या पोकळीपाशी आलो. इंजिन तापण्याचं कारण तिथंच कुठंतरी होतं, आणि ते उलगडायला मला हेडच्या कामापेक्षा जास्त वेळ लागला. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची डबी असलेला झडपेसारखा पार्ट. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. ८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडं जातं. आमच्या भागात हा पार्ट काढून टाकायची रीत आहे. गल्लीतल्या मिस्त्रीला मी विचारलं.

"काढलाच असन जी," तो म्हणाला. "आपल्या इकडच्या उन्हात ठेवते कोण? मीबी काढतो. गाडी गरम झाली का माणूस रस्त्यावर उभा रायते, संगं लेकरं रायतात. तवा त्याले काय सांगू, दोन दिवस गाडी ठेव म्हणून? हा काढला का गाडी चालते. मंग तो आपल्या घरी जाते."

त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. अडकून बंद राहिलेला थर्मोस्टॅट गाडी तापवतो, आणि मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर तो काढणं हाच इलाज आहे. पण तो त्या दुपारचा इलाज आहे. नवा पार्ट नंतर बसवायचा असतो, आणि नंतर कोणी बसवत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कायम गार चालतं. डिसेंबरच्या सकाळी चोक ओढूनही पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा झिजतात. हा तोटा सावकाश होतो म्हणून दिसत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट मला हळूहळू उमगली. थर्मोस्टॅट नसल्यामुळं काटा नेहमी खाली राहायचा, आणि त्या खाली राहिलेल्या काट्याआड रेडिएटरचं मरण लपलं होतं. रेडिएटर मी रेडिएटरवाल्याकडं नेला. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर. त्यानं वरची टाकी डाग सोडवून उघडली, तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली, काही तर पूर्णच बंद. इतकी वर्षं यात बोअरचं पाणी जात होतं. आमच्या जिल्ह्यातलं बोअरचं पाणी किती जड असतं, ते घरातल्या हिटरच्या कॉइलवर दिसतं. पांढरकवडा-झरीकडच्या गावांत तर पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांचे दात आणि हाडं गेली, तिथं गाडीचं काय. कूलंट घाला म्हटलं की लोक म्हणतात, आपल्याकडं बर्फ पडते का? कूलंटमधलं ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही हे खरं, पण तेच पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं आणि त्यातली द्रव्यं ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. आम्हाला त्याची गरज थंड मुलखापेक्षा कमी नाही. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर आहे, त्यामुळं उघडं पाणी इथं शंभराच्या थोडं आधीच उकळतं. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाब धरून ठेवते म्हणून ते ११५ अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. माझ्या गाडीला झाकण होतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं, स्प्रिंग ढिली झालेलं.

पण मी त्या जुन्या मालकांना दोषही देऊ शकत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे तलाव तळाला गेले होते, नळाची वाट आठवड्यांच्या हिशेबानं पाहावी लागत होती. त्या दिवसांत गाडीला डिस्टिल्ड वॉटर घाला असं कोणाला सांगणार? जे हाताशी होतं ते रेडिएटरमध्ये गेलं.

पंख्याचीही अशीच गोष्ट. पाणी नव्वदीच्या पुढं गेलं की एक स्विच पंखा सुरू करतो. तो स्विच कधीतरी बिघडला असावा. कोणीतरी वायर तोडून पंखा सरळ चावीवर जोडला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, गाडी बंद होईपर्यंत सुरू. गाडी तापायची थांबली असणार, मालक समाधानी झाला असणार. पण गाडी चालू असेतोवर सतत फिरून मोटरचे कार्बन झिजले, पंखा हळू फिरू लागला. तो फिरतो आहे हे दिसत होतं, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय गेला नाही. शिवाय रेडिएटरच्या जाळीत रुई आणि धूळ यांचा घट्ट थर बसला होता. दिवाळीनंतर आमचे रस्ते कापसाच्या गाड्यांनी भरलेले असतात, जिनिंगजवळून गेलं की रुई उडत असते. ती जाळीत शिरते आणि पावसाळी चिखल तिला लिंपून टाकतो.

म्हणजे एकेक करून पाहिलं तर प्रत्येक हातानं गाडी वाचवलीच होती. स्विच गेला, पंखा सरळ केला. थर्मोस्टॅट अडकला, काढून टाकला. झाकण हरवलं, मिळालं ते लावलं. पाणी कमी झालं, बोअरचं भरलं. पण प्रत्येक इलाजानं आधीचा बिघाड झाकला, आणि झाकलेला बिघाड आत वाढत राहिला. मे महिन्यात या सगळ्यांची बेरीज हेड गॅसकेटवर आली. माझ्या मते यात कोणाचंही कौशल्य कमी पडलं नाही. लिंबाखालच्या मिस्त्रीच्या हातात जी समज आहे, ती मला जन्मात यायची नाही. कमी पडली ती एक ओळ. 'थर्मोस्टॅट काढला आहे, नवा बसवा' एवढं कोणी डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवलं असतं, तर पुढच्या मालकानं नवा पार्ट टाकला असता, काटा वर चढला असता, आणि रेडिएटर बुजतो आहे हे काही वर्षं आधी समजलं असतं.

हे सांगताना मला आमच्या दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन आठवतं. तिथून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. एवढं जुनं इंजिन इतकी वर्षं चालवता येतं, त्यात फिटरच्या हाताइतकाच शेडच्या नोंदवहीचाही वाटा असतो. कोणत्या तारखेला काय उघडलं, काय बदललं, कोणी केलं, हे रेल्वेत लिहिलं जातं. पाळी बदलली, फिटर निवृत्त झाला, तरी इंजिनाची गोष्ट पुढच्या माणसाला वाचता येते. खासगी गाडीची गोष्ट एका मिस्त्रीच्या डोक्यात राहते, आणि गाडी विकली की तिथंच संपते.

सुट्या भागांचा त्रास वेगळाच, पण तोही याच जातीचा. काउंटरवर पहिला प्रश्न, "कार्बोरेटरवाली का एमपीएफआय?" दुसरा, "चार गिअर का पाच?" तिसरा, "जुना पीस आणला का?" नंतरच्या काळात याच नावाच्या गाडीत बारा व्हॉल्व्हचं इंजिनही आलं, त्यामुळं हे प्रश्न बरोबरच आहेत. पण जुना पीस न्यायचा म्हणजे एसटीनं न्यायचा, कारण ज्या गाडीनं जायचं तीच उघडून ठेवलेली. नेलेला पीसही मूळचा आहे की मागच्या कोणाचा, हे कोण सांगणार? नव्या गॅसकेटचं पाकीट मी दुकानातच फोडायला लावलं आणि जुन्यावर ठेवून भोकाला भोक लावून पाहिलं. पाण्याच्या एका वाटेचं भोक नव्यात नव्हतं. बाहेरून आकार तोच, पाकिटावर नाव ओळखीचं, छपाई मात्र पुसट. दुकानदारानं वाद न घालता ते मागं ठेवलं आणि चांगलं नागपूरहून मागवलं. ते ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पहाटे आलं. उमरखेडला एका लग्नाला जायचं होतं, तो दिवस तोपर्यंत येऊन ठेपला होता. घरच्यांनी एसटीत उभं राहून प्रवास केला आणि मला काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

बसवताना घाई नव्हती. व्हॉल्व्ह बाबांनी शिकवल्या पद्धतीनं घासले, आणि ती राखाडी कडी सहाच्या सहा सीटवर उमटली तेव्हा खरंच आनंद झाला. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत आवळायचे असतात. एकदम एक बोल्ट पूर्ण आवळला तर सरळ केलेलं हेड तिथंच वाकतं. टॉर्क रेंच लेथवाल्या काकांनी दोन दिवसांसाठी दिला. हाताच्या अंदाजानं आवळणारे मिस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यांचा अंदाज खरा असतो, पण तो हजारो बोल्टांनी घडवलेला असतो. अधूनमधून इंजिन उघडणाऱ्या माणसानं काट्यावर विश्वास ठेवावा. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात उकळत्या पाण्यात धरून तो उघडतो का ते पाहिलं. उघडला. पंखा परत स्विचवर घेतला. रेडिएटरमध्ये बॅटरीचं पाणी आणि कूलंट. १३ चे सगळे बोल्ट काढून १२ चे घातले.

गाडी सुरू झाली, काटा चढला, मध्यावर थांबला, पंखा आपोआप लागला आणि आपोआप बंद झाला. दिग्रसवरून पुसदच्या डोंगराळ रस्त्यानं भर दुपारी नेऊन आणली, काटा मध्यावरच.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आता शंभर पानी वही आहे. हेड किती फेस झालं आणि आता किती उंची उरली, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. कोणत्या भोकात तारेची गुंडाळी आहे, तेही. गल्लीतल्या मिस्त्रीनं ती वही चाळली, काही बोलला नाही. काही दिवसांनी तो एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या बॉनेटखाली आतल्या बाजूनं खडूनं काहीतरी लिहिताना मला दिसला. 'थर्मो. नाही', आणि खाली तारीख. खडू पहिल्या पावसात जाईल, म्हणून मी त्याला पेंटचा मार्कर आणून दिला.

गाडीचं काम संपलेलं नाही. गेल्या आठवड्यात डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि ऑइलची पातळी वर गेलेली होती. या गाडीचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टच्या ठोक्यावर चालणारा, आत रबरी डायफ्रॅम असलेला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. डायफ्रॅम फाटला की पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, मालकाला कळावं म्हणून. मी खाली वाकून पाहिलं, तर ते भोक कोणीतरी एम-सीलनं बुजवलेलं. ठिबकणं थांबलं होतं, म्हणून पेट्रोल आत ऑइलमध्ये उतरत होतं. एम-सील खरवडून काढलं, वहीत तारीख घातली. पंप नागपूरहून यायचा आहे. तो आला की आधी ऑइल आणि फिल्टर बदलायचा, मग पंप, आणि तोवर गाडीला चावी लावायची नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.